सासरेबुवांचं पोलाद आणि माझी गुलाबी नळी

शनिवारी सकाळी मी आमची स्टेशन वॅगन घराच्या उतारावरून मागे घेत होतो आणि ब्रेकचं पेडल थेट तळाला जाऊन बसलं. दिवसभर राबलेला माणूस खुर्चीत बसतो ना, तसं. आवाज नाही, तक्रार नाही, पुन्हा उठायची इच्छाही नाही. गाडी मात्र बसली नाही. ती मजेत रस्ता ओलांडून समोरच्या मिसेस अब्रुझ्झोंच्या अंगणात शिरली आणि त्यांच्या अंजिराच्या झाडाला टेकून थांबली.

ते झाड साधंसुधं नव्हे. ते कै. कार्माइन अब्रुझ्झो यांनी लावलेलं. आमच्या बफेलो शहराच्या थंडीत अंजीर जगत नाही, म्हणून दर हिवाळ्यात मिसेस अब्रुझ्झो त्याला जुन्या गालिच्यात गुंडाळतात, वरून ताडपत्री बांधतात आणि शेंड्यावर एक बादली पालथी घालतात. लांबून पाहिलं तर अंगणात कुणीतरी पाहुणा तिष्ठत उभा आहे असं वाटतं. माझ्या धक्क्यानं त्याच्या डोक्यावरची बादली पडली.

मिसेस अब्रुझ्झो खिडकीतून ओरडल्या, "टॅड! कार्माइनला सर्दी होईल ना!"

मी बादली परत बसवली, झाडाची माफी मागितली आणि गाडीखाली वाकून पाहिलं. ब्रेकचं ऑइल वाहून नेणारी पोलादी नळी मधोमध फुटली होती. बोट लावलं तर तिचा पापुद्रा हातात आला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवतो. गंज हा माझा आवडता धडा. लोखंड, पाणी, हवा आणि मीठ एकत्र आले की काय होतं, हे मी पोरांच्या पिढ्यान् पिढ्यांना घसा कोरडा करून सांगितलंय. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर इतकं मीठ टाकतात, की वसंतात कुत्री रस्ता चाटत फिरतात. तरीही माझ्याच गाडीच्या पोटात तोच धडा कित्येक वर्षं चालू होता आणि मास्तरांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. ही बातमी शाळेत पोचू नये एवढीच माझी इच्छा होती. सोमवारी पहिल्या तासाला फळ्यावर कुणीतरी माझी गाडी काढली होती, अंजिराच्या झाडासकट.

पण खरा पेच वेगळाच होता. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, डिंगस डेला, आमच्या पॅरिशची, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळींची, मिरवणूक निघते. अकॉर्डियन वाजतात, पोरं पिचकाऱ्या मारतात, पोरी विलोच्या फांद्यांनी पोरांना झोडपतात आणि सगळी पोलिश मंडळी सॉसेज खात रस्त्यावर येतात. यंदा मिरवणुकीच्या अग्रभागी बसायचा मान माझ्या सासऱ्यांना, म्हणजे झिगमुंट पावलाक यांना मिळाला होता, आणि तो मान आमच्या वॅगनमध्ये बसायचा होता. मिरवणूक समितीची अट एकच. गाडीच्या काचेवर तपासणीचा चालू स्टिकर हवा. आमचा स्टिकर संपत आला होता आणि ब्रेक आधीच संपला होता.

गावातलं एकही गॅरेज ईस्टरच्या आधी गाडी घ्यायला तयार नव्हतं. मीठ काय एकट्या माझ्याच गाडीला लागलं नव्हतं.

"मीच बदलतो नळ्या," मी जाहीर केलं.

माझी बायको लॉरेन भांडी पुसत होती. तिनं एक बशी दोनदा पुसली. आमच्या घरात हे वादळाचं लक्षण मानतात.

"तू," ती म्हणाली, "मागच्या वर्षी टोस्टर उघडला होतास."

"तो टोस्टर मुळातच बिघडलेला होता."

"हो. पण तो बिघडलेला आहे हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. नंतर अग्निशमन दलालाही कळलं."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. आत्मविश्वास हा माझा स्थायीभाव आहे. घटनांनी त्याला आजवर कधी फारसा पाठिंबा दिलेला नाही, पण तो स्वतःच्या पायावर उभा आहे.

दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. शेजारचा ड्वेन हॉचकिस कॉफीचा मग घेऊन कुंपणाशी आला. ड्वेन निवृत्त बसचालक. जन्मभर मागे बसलेल्या लोकांना कुठं उतरायचं ते सांगत आल्यामुळे सल्ला दिल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

"पोलादीच नळी घाल," तो म्हणाला. "फॅक्टरीत तीच घालतात."

"फॅक्टरीत घातलेलीच फुटलीय, ड्वेन."

"ती जुनी झाली म्हणून. नवीन कशाला फुटेल?"

तोवर मिसेस अब्रुझ्झो रस्ता ओलांडून आल्या. "माझा कार्माइन म्हणायचा, ब्रेकच्या कामाला हात लावण्याआधी पोटभर जेवावं. न जाणो, शेवटचं असायचं." एवढं सांगून त्या परत गेल्या.

मी मात्र अभ्यास केला होता. तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची नळी मिळते. मिठाच्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिली तरी गंजत नाही, हातानं वाकते, मऊपणे वळते. दुकानात तिचं वेटोळं हातात घेतलं तेव्हा मला एखाद्या सद्वर्तनी विद्यार्थ्याची भेट झाल्यासारखं वाटलं. रंग गुलाबीसर. निकेल त्यात दहातला एक भाग, बाकी जवळजवळ सगळं तांबं. मी हसत हसत घरी आलो, तर दारात सासरेबुवा उभे.

झिगमुंट पावलाक हे प्रकरण थोडक्यात असं, की तळ्याकाठच्या पोलाद कारखान्यात त्यांची उमर भट्टीपुढे गेली. कारखाना केव्हाच बंद पडला, पाडलाही. तो पाडताना बघायला सगळं गाव गेलं होतं. हे घरात बसून काटे-चमचे घासत होते. आजही पुलावरून जाताना ते पुलाला हात लावतात. चमचा चिनी बनावटीचा निघाला तर सूप पीत नाहीत.

"ऐकलं, नळ्या बदलतोयस म्हणे," ते म्हणाले.

"हो, पा."

"पोलादीच ना?"

मी वेटोळं पाठीमागे धरलं. "नव्या नळ्या आहेत, पा. एकदम नव्या."

"पोलादाच्या गावात पोलादच हवं. परवा एका गाढवानं सांगितलं, हल्ली तांब्याच्या नळ्या घालतात. मी म्हटलं, तांबं काय, दारूच्या भट्टीला घालतात. असल्या गाडीत मी बसणार नाही. चालत जाईन."

सासरेबुवांचे गुडघे लक्षात घेता ते पुढच्या डिंगस डेपर्यंत पोचले असते. मी खोटं बोललो नाही, खरंही बोललो नाही. संसारात या दोहोंच्या मधली जी चिंचोळी वाट असते, तिच्यावरून माझा बराच प्रवास झालेला आहे.

मग काम सुरू झालं. जुन्या नळ्यांचे नट गंजून एकजीव झाले होते. पाना लावला की नट गोल व्हायचा, शिव्या दिल्या की आणखी गोल व्हायचा. अखेर करवतीनं कापून काढले. नवी नळी बसवताना तिचं टोक एका शिकंज्यात धरून फुलवावं लागतं, म्हणजे ते जोडात घट्ट बसतं. मी पहिलं टोक फुलवलं. काय सुंदर फुललं होतं! लॉरेनला दाखवलं. ड्वेनला दाखवलं. समोरच्या खिडकीकडेही उंचावून दाखवलं. आणि मग लक्षात आलं, की नट आधी नळीवर ओवायला हवा होता. फुललेल्या तोंडावरून नट जात नाही.

टोक कापलं. पुन्हा फुलवलं. पहिल्यापेक्षा सुंदर. नट टेबलावर.

"तू नट विसरलास," ड्वेन कुंपणावरून म्हणाला.

"मला दिसतंय."

"आधी का नाही सांगितलं म्हणशील, पण तू इतका खुशीत होतास."

तिसऱ्यांदा नट ओवला, पण उलटा. त्यानंतर मी लॉरेनला सांगितलं, की मी शिकंजा हातात घेतला की तिनं फक्त "नट" असं म्हणायचं. ती म्हणाली, हे तर ती मला लग्नापासून म्हणत आलीय, चक्रम या अर्थानं.

तरी नळ्या बसल्या. चौकटीला धरून, वळण घेत, चाकापासून चाकापर्यंत. गाडीखाली पाठीवर पडून मी त्यांच्याकडे बघत राहिलो. खरं सांगतो, आयुष्यात मी बरेच कागद तपासले, बरेच धडे दिले, पण हातानं काही केलं आणि ते जागच्या जागी बसलं, असं फार वेळा झालेलं नाही. मी बाहीनं डोळे पुसले. ते ब्रेक ऑइलही असू शकेल.

आता राहिलं एअर काढणं. नळ्यांत अडकलेली हवा बाहेर काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी पडून बोल्ट सैल करतो. ज्या जोडप्यांना आपलं लग्न टिकेल का अशी शंका असेल, त्यांनी हे एकदा करून बघावं. शंका फिटते.

"दाब!" मी खालून ओरडलो.

"दाबलंय!"

"धर!"

"धरलंयच! तू सोड म्हणेपर्यंत मी इथंच म्हातारी होणार आहे का?"

"सोड म्हटल्यावर सोडायचं, लॉरेन!"

"सोडलं!"

"मी सोड असं म्हटलं नाही, सोड म्हटल्यावर सोडायचं असं म्हटलं!"

"मग तू 'सोड' म्हणालासच की!"

ऑइल माझ्या चष्म्यावर आलं. मी काय म्हणालो ते इथं देत नाही. तिनं उत्तरादाखल तिची आई लग्नाआधी काय म्हणाली होती ते सांगितलं. दोघांचेही आवाज खणखणीत. थोड्या वेळानं पाहतो तर मिसेस अब्रुझ्झो झाकलेलं भांडं घेऊन उभ्या.

"बीन्सचा रस्सा आहे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मन शांत झालं की गरम करून खा. आणि लॉरेन, कुणाला सोडायचं, कुणाला धरायचं ते चर्चशी बोलून ठरव. घाई करू नकोस."

पण पेडल दगडासारखं कडक झालं. उतारावर पाचसात वेळा गाडी थांबवून पाहिली. अंजिराच्या झाडासमोर मुद्दाम थांबवली. मी जिंकलो होतो.

तपासणीला निघालो तर सासरेबुवा दार उघडून शेजारी बसले. "बघू तर, जावयाचं काम." मला नाही म्हणता येईना.

तपासणी करणारा वेंडेल प्रुइट हा शांत आणि नियमाचा माणूस. गाडी वर उचलली, दिवा खाली फिरवला आणि म्हणाला, "सर, हे तांबं आहे. तांब्याची नळी ब्रेकला चालत नाही. बाद."

"तांबं?" सासरेबुवा खुर्चीतून उठले. "कुठलं तांबं?"

पुढचा प्रसंग मी वकील असतो तरी मला निभावता आला नसता. वेंडेलला पटवायचं होतं, की हे तांबं नाही. सासऱ्यांना पटवायचं होतं, की ते पोलाद नसलं तरी चालतं. एकाशी बोललेलं वाक्य दुसऱ्याच्या कानावर पडून माझ्यावरच उलटत होतं.

"हे शुद्ध तांबं नाही, वेंडेल. निकेल मिसळलेलं आहे."

"म्हणजे तांबं आहे!" सासरे.

"बहुतांशी आहे, पा, पण—"

"बहुतांशी आहे म्हणताहेत सर," वेंडेल म्हणाला. "बाद."

मी राज्याच्या वाहन खात्याला फोन लावला. बराच वेळ अकॉर्डियनपेक्षाही वाईट संगीत ऐकल्यावर एका बाईंनी सांगितलं, की तांबं चालत नाही, योग्य मिश्रधातू चालतो. तो योग्य आहे हे कोण ठरवतं? तपासणारा. तपासणाऱ्याला कसं कळणार? त्यानं आम्हाला विचारावं. मग विचारतोय की! तपासणाऱ्यानं विचारायला हवं, तुम्ही नाही. मी फोन वेंडेलच्या हातात दिला, तर तोवर त्या बाईंची जेवणाची सुट्टी झाली होती.

मी ताठ उभा राहिलो. "वेंडेल, मी यात निकेल आहे हे सिद्ध करून दाखवलं तर?"

"कसं?"

"रसायनशास्त्रानं."

शाळा चार गल्ल्यांवर होती. सासऱ्यांना तिथंच बसवून मी चालत गेलो, प्रयोगशाळेतून परीक्षानळ्या, आम्ल, अमोनिया आणि एक पांढरी पूड आणली. त्या पुडीचं नाव उच्चारण्यात माझ्या वर्गाचा अर्धा तास जातो, म्हणून ते सोडून देतो. परत येईपर्यंत टायर बदलायला आलेली दोन गिऱ्हाइकं आणि शेजारच्या डोनटवाल्या बाई खुर्च्या ओढून बसल्या होत्या. उरलेल्या नळीचा तुकडा मी कानशीनं घासला. कीस आम्लात विरघळवला. अमोनिया घातला, तसा द्रव गर्द निळा झाला. डोनटवाल्या बाईंनी "अय्या" म्हटलं. असा वर्ग मला जन्मात मिळाला नव्हता.

"निळा म्हणजे तांबं," मी म्हणालो.

"मी काय म्हणत होतो!" वेंडेल आणि सासरेबुवा एका सुरात म्हणाले. तेवढ्यापुरते ते मित्र झाले होते.

"थांबा." मी पूड घातली, ढवळलं, कॉफीच्या गाळणकागदातून गाळलं आणि कागद पाण्यानं धुतला. कागदावर लालभडक, स्ट्रॉबेरीच्या जॅमसारखा साका उरला. "लाल म्हणजे निकेल! शुद्ध तांब्यात हा रंग या जन्मी येणार नाही!"

टाळ्या पडल्या. खोटं नाही सांगत, पडल्या. वेंडेलनं कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "सर, लाल म्हणजे पास की नापास?"

"पास!"

"बरं," तो म्हणाला. मग त्यानं ब्रेक जोरानं दाबून पाहिला, नळ्यांचा एकेक जोड बोटानं पुसून पाहिला. सगळे कोरडे. स्टिकर लागला. विजयी मुद्रेनं मी मागे वळलो, तर सासऱ्यांची खुर्ची रिकामी. ते बसनं घरी गेले होते.

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आमच्या घरी फारसा पवित्र गेला नाही. सासरे फोन घेईनात. लॉरेन माझ्यावर चिडली, कारण मी लपवलं. मग वडिलांवर चिडली, कारण एका नळीपायी ते लेकीच्या घरीही फिरकेनात. मीही गेलो त्यांच्याकडे. ते ओट्यावर बसले होते.

"पा, गंजलं होतं सगळं. तुमच्याच मुलीला घेऊन मी त्या गाडीतून फिरतो. गाडी थांबवेल अशी नळी घातली, बस्स."

ते तळ्याच्या दिशेनं बघत राहिले. तिकडे कारखान्याच्या जागी आता पवनचक्क्या आहेत. "आम्ही केलेलं गंजतं, हे मला कुणी सांगायला नको, टॅड. मी रोज आरशात बघतो."

मला एवढी वर्षं वाटत होतं, की या माणसाला चिडवायला मजा येते. त्या दिवशी आली नाही. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. मग ते म्हणाले, "बसेन मी गाडीत. पण एक अट. ब्रेक लावायचा नाही."

"मिरवणुकीत?"

"हँडब्रेक आहे ना? त्याची तार पोलादी आहे. तो ओढ."

म्हणून डिंगस डेला मी संपूर्ण मिरवणूक हँडब्रेकवर चालवली. कुणी असं चालवून पाहिलं नसेल तर सांगतो, गाडी उचकी लागल्यासारखी चालते. सासरेबुवा लाल-पांढरा पट्टा लावून, मांडीवर पॅरिशच्या बायकांनी ईस्टरसाठी लोण्यातून घडवलेलं भलंमोठं कोकरू घेऊन बसले होते. दर उचकीला कोकरू मान डोलवायचं. पोरं काचेवर पिचकाऱ्या मारत होती. ड्वेन फूटपाथवरून मला "उजवीकडे घे, उजवीकडे!" असं सांगत चालत होता, रस्ता सरळ असूनही.

चर्चजवळच्या उतारावर पुढच्या ट्रकवरून कुणीतरी खाऊच्या गोळ्यांची मूठ उधळली आणि निळ्या कोटातली एक एवढीशी पोर माझ्या बंपरपुढे धावली. हँडब्रेकचा विचार माझ्या हाताला सुचलाच नाही. पाय खाली गेला. सगळा.

वॅगन जागच्या जागी खिळली. पोरीनं गोळी उचलली, माझ्याकडे बघून तोंडात टाकली आणि निघून गेली. लोण्याचं कोकरू मात्र थांबलं नाही. ते काचेवर आदळलं आणि सावकाश खाली घसरू लागलं.

सासरेबुवांनी आधी त्या पोरीकडे पाहिलं, तिच्या आईनं तिला उचलून घेईपर्यंत पाहिलं. मग काचेवरच्या कोकराकडे. मग माझ्या पायाकडे.

"अट मोडलीस," ते म्हणाले.

"हो, पा."

त्यांनी रुमाल काढून काचेवरचं लोणी पुसायला सुरुवात केली. लोणी जास्तच पसरलं. "चल पुढे," ते म्हणाले. "आणि तो हँडब्रेक सोड आता. मान अवघडलीय माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेत होतो, तर उतारावर त्यांचा छोटा पिकअप येऊन उभा राहिला. सासरेबुवा उतरले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, कुंपणापलीकडे ड्वेन नाही याची खात्री केली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मागच्या चाकापाशी काहीतरी ठिबकतंय. तू बघ जरा."

मी वाकून पाहिलं. नळी नुसत्या पापुद्र्यावर तगून होती.

"पा, ही बदलायला हवी. कुठली घालू?"

कोटाच्या खिशातून त्यांनी रंगाचा एक छोटा डबा काढला आणि माझ्या हातात ठेवला. राखाडी रंग होता, पोलादासारखा.

"तुझीच घाल," ते म्हणाले. "पण वरून हा मार. दोन हात."